माइक टेस्टिंग : सगळं गाव ओळखीचं असताना कॉमेडी कशी करायची?

गेल्या अंकात कोपऱ्यात एक ओळ टाकली होती की स्टँडअप कॉमेडीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, आली ढीगभर. त्यातली निम्मी 'ताई एक चान्स द्या' अशी आहेत, ती बाजूला ठेवली (चान्स माझ्याकडं नसतो रे बाबांनो, मी फक्त खुर्च्या लावते आणि नावं पुकारते). उरलेल्यातली ही काही.

प्रश्न : ताई, मी उदगीरकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय २७. लग्नात, कट्ट्यावर, ऑफिसात सगळे म्हणतात तू स्टँडअप कर. आमच्याकडं ओपन माइक, म्हणजे कुणीही नाव देऊन थोडा वेळ करून बघावं असं, वगैरे काही नाही. लातूरला एका कॅफेत झालं तेव्हा पाच मिनिटं केली, मित्र लई हसले. आता नोकरी सोडून पुण्याला जावं असं डोक्यात आहे, वडील म्हणतात येडा झालास का. एक जोक पाठवतो, कसाय सांगा : 'आमच्या पतसंस्थेत एक आजोबा आहेत, ते दर सोमवारी येतात, त्यांचं काहीच काम नसतं, पैसे काढायचे नसतात, भरायचे नसतात, ते फक्त शटर उघडं आहे का ते बघायला येतात, कारण आजकाल पतसंस्था बुडायला लागल्यात ना.'
— नाव छापू नका, उदगीर

उत्तर : वडिलांशी भांडू नको, ते बरोबर बोलायलेत. जोक चांगलाय, आणि चांगलाय म्हणूनच नोकरी सोडू नको म्हणते, कारण पतसंस्था सोडलीस तर असला जोक आणणार कुठून? पुण्यात पीजी, ट्रॅफिक, मॅनेजर आणि एक्स ह्या चार विषयांवर बोलणारी पोरं रांगेत उभी आहेत, शटर बघायला येणारा आजोबा त्यातल्या एकाकडं पण नाही.

आता जोक. आधी शेवट काप. 'कारण आजकाल पतसंस्था बुडायला लागल्यात' हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायचंय? ज्या घरातले पैसे कुठल्या ना कुठल्या मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकले नाहीत ते घर इकडं शोधावं लागतं, लोकांना 'शटर' एवढं ऐकलं तरी पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यावरच हसायचंय त्यांना, तू मध्येच बातम्या वाचून दाखवायला लागलास तर ते हसायचं सोडून आपली पावती कुठं ठेवलीय ते आठवत बसतील. दुसरं म्हणजे वाक्याची रचना. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं 'शटर उघडं आहे का ते बघायला येतात' म्हटलं की शटर आधीच येऊन जातं आणि मागं 'ते बघायला येतात' ही शेपूट वळवळत राहते, लोक हसायला तोंड उघडतात तेव्हा तू अजून बोलतच असतोस. असं करून बघ :

'आमच्याकडं एक आजोबा दर सोमवारी येतात. पैसे काढत नाहीत. भरत नाहीत. नुसते बघून जातात.' इथं थांब, एक श्वास. 'शटर वर हाय का.'

हशा पूर्ण विरायची वाट बघू नको, निम्मा खाली आला की लगेच : 'मी पण सोमवारी तेच बघायला जातो.'

ह्या दुसऱ्या ओळीला टॅग म्हणतात, गोष्ट परत न मांडता त्याच हशावर अजून एक. माझं मत विचारशील तर तुझा खरा जोक हाच आहे, कारण आता क्लार्क आणि आजोबा एकाच रांगेत उभे राहिले.

राहिलं मित्रांचं हसणं. त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नको. ते तुला हसतात, तुझ्या जोकला नाही, तुझं तोंड बघूनच त्यांना शाळेतलं काहीतरी आठवतं आणि ते सुरू होतात. आपल्यासारख्या ठिकाणी माइक नसणं हा दुसऱ्या नंबरचा त्रास, पहिला हा की समोर बसलेले सगळे ओळखीचे, आणि ओळखीचा माणूस एकतर प्रेमानं हसतो नाहीतर खुन्नसनं हसत नाही, दोन्हीतून जोक कसा होता ते काही कळत नाही. म्हणून अनोळखी माणसं शोध. तुझ्या जवळ लातूर आहे राव, आख्ख्या महाराष्ट्रातली पोरं नीट आणि जेईईच्या क्लाससाठी तिथं येऊन होस्टेलवर राहतात, रविवारची टेस्ट झाली की संध्याकाळी त्यांना काय करावं कळत नाही. एखाद्या अभ्यासिकेच्या नाहीतर मेसच्या मालकाला भेट, जेवणानंतर अर्धा तास माग, माइक नसला तरी चालतं, वीस-पंचवीस जणांना आवाज पुरतो. त्यातल्या कुणालाच तू कुणाचा पोरगा आहेस हे माहीत नसणार. मोबाइलचा रेकॉर्डर खिशात चालू ठेव आणि दुसऱ्या दिवशी ऐक, जिथं हशा आला असं तुला आठवतंय आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे तिथं खूण कर. ऐकताना स्वतःचाच आवाज नकोसा वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, तरी ऐकायचं.

पुण्याला जरूर जा, पण शनिवारी रात्रीच्या बसनं जायचं आणि सोमवारी पतसंस्थेत हजर, असं. आधी फोन करून स्पॉट, म्हणजे तुझी स्टेजवरची वेळ, पक्का कर, आणि काही ठिकाणी स्पॉटचे पैसे कॉमिककडूनच, म्हणजे कॉमेडी करणाऱ्याकडूनच घेतात, ते पण आधीच विचारून घे.

प्रश्न : आम्ही चौघं मिळून संभाजीनगरला दर पंधरा दिवसांनी ओपन माइक घेतो. परिस्थिती अशी की कॉमिक बारा आणि प्रेक्षक चार, त्यातला एक कॅफेचा वेटर. एंट्री फ्री ठेवली तरी लोक येत नाहीत. कॅफेवाला म्हणतो अजून महिनाभर बघू.
— चौघांपैकी एक

उत्तर : फ्री आहे म्हणूनच येत नाहीत. फुकट कार्यक्रमाला माणूस 'बघू' म्हणतो आणि 'बघू' म्हणजे नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पन्नास रुपये ठेवा आणि त्यात एक चहा द्या, पैसे गेले की माणूस येतो आणि आल्यावर हसायचा प्रयत्न पण करतो.

बारा कॉमिक जास्त होतात. कॉमिक हा जगातला सगळ्यात वाईट प्रेक्षक, तो मनातल्या मनात आपलाच सेट, म्हणजे स्टेजवर म्हणायचं सगळं, घोकत बसलेला असतो आणि स्वतःचं झालं की बाहेर जाऊन सिगारेट पेटवतो. सहा-सात नावं घ्या, बाकीच्यांना पुढच्या वेळी, आणि नियम करा की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायचा, त्यानंतर मिनिटभरात उतरला नाही तर पुढच्या वेळी स्पॉट नाही, मग तो तुमचा जिगरी का असेना.

जागेचं पण बघा. मी जिथं खुर्च्या लावते तिथं सुरुवातीला पंचच्या, म्हणजे हसवणाऱ्या ओळीच्या, बरोबर वेळेला आत मिक्सर सुरू व्हायचा, कोल्ड कॉफी. आता आमचं ठरलंय, कार्यक्रम चालू असताना मिक्सरची ऑर्डर घ्यायची नाही, चहा-कॉफी-सँडविच चालेल, आणि त्याबदल्यात होस्ट मध्यंतरात दोनदा मेन्यूचं नाव घेतो. कॅफेवाला खूश. खुर्च्या माणसांपेक्षा कमी लावायच्या, वीस येणार असतील तर पंधरा, म्हणजे लोक चिकटून बसतात आणि हसू एकाकडून दुसऱ्याकडं जातं, लांब लांब सोफ्यावर बसलेला माणूस एकटा हसायला लाजतो. तारीख ठरवताना दाट लग्नतिथी आणि आयपीएलची मोठी मॅच बघून ठरवा, ह्या दोन्हींशी आजवर कुणी जिंकलेलं नाही.

आणि माणसं कुठून आणायची म्हणाल तर विद्यापीठाच्या युवक महोत्सवातून. दरवर्षी तिथं मिमिक्री, प्रहसन, मूकनाट्याला पोरं येतात, खेड्यातल्या कॉलेजची पोरं तर अशी भारी असतात, आणि महोत्सव संपला की त्यांना वर्षभर स्टेज नसतं. ह्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात प्रा. लक्ष्मण देशपांडे शिकवायचे, एकटा माणूस, आपली मराठवाडी भाषा, नेपथ्य जवळपास नाहीच, आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं. त्याची गिनेस बुकात नोंद झाली. देशपांडे सर २००९ मध्ये गेले, आता तोच प्रयोग संदीप पाठक करतात, ते आपल्या माजलगावचे. त्याला कुणी स्टँडअप म्हणत नाही, ते एकपात्री, तिथं पात्राच्या आड लपता येतं आणि इथं तुम्ही तुम्हीच असता, हे खरंय. पण एका माणसाचं बोलणं दोन-अडीच तास तिकीट काढून ऐकणारी माणसं ह्या गावात आहेत. ती तुमच्याकडं का येत नाहीत तर त्यांना वाटतं कॅफेत काहीतरी पोरापोरांचं चाललंय. त्यांच्या वयाच्या दोघांना एकदा फुकट बोलवा, पुढच्या वेळी ते स्वतःच्या पैशानं चौघांना घेऊन येतात का बघा.

एक वैताग मात्र राहणारच. प्रेक्षक जमला की तोच तोच येणार, मुंबईत तोच सेट वर्षभर रोज नव्या लोकांना ऐकवता येतो, इथं तिसऱ्या वेळी पहिल्या रांगेतली काकू तुमचा पंच तुमच्याआधी म्हणते. त्यामुळं इकडच्या पोरांना सारखं नवीन लिहावंच लागतं. हात लवकर चालायला लागतो ह्यानं.

प्रश्न : मी परभणीची, खाजगी शाळेत शिकवते, वय २५. संभाजीनगरला मैत्रिणीकडं गेले होते तेव्हा ओपन माइक केलं, मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर सहा मिनिटं. कुणीतरी शूट करून इन्स्टावर टाकलं, मामानं बघितलं, मामानं पप्पांना फोन केला, आता घरात वातावरण टाइट. तिथं लाइनअपमध्ये मुलगी मी एकटीच, होस्ट म्हणाला 'आता येतायत आपल्या एकमेव लेडी कॉमेडियन, जरा सांभाळून हसा बरं का'. परत जावं वाटतं पण हिंमत होईना.
— परभणी

उत्तर : आधी व्हिडिओचं. आयोजकांना फोन कर आणि सांग की तो आज काढायचा, न विचारता टाकलाय. ऐकलं नाही तर इन्स्टावर रिपोर्ट कर. जिथं पुढं जाशील तिथं आधीच विचार की शूटिंगचा नियम काय, चांगल्या ठिकाणी होस्ट सुरुवातीलाच सांगतो की मोबाइल खिशात, आणि कॉमिकला हवं असेल तर स्वतःचं स्वतः शूट करता येतं. हे फक्त मामामुळं नाही म्हणत मी, कच्चा जोक बाहेर पडला की तो वाया गेला, नंतर तू त्याला कितीही घास, लोकांनी ऐकलेला असतो.

होस्टला पण आधीच सांगायचं, माझं नाव घे, गाव घे, बास. 'एकमेव लेडी' म्हटलं की समोरचे जोक ऐकायला नाही, मुलगी बघायला बसतात, आणि तो कार्यक्रम तर तू घरी पण सोसतेस. तरी एखादा बोललाच तर त्याच्यावर चिडून वेळ घालवू नको, तेच उचल : 'एकमेव आहे खरंय, बाकीच्यांना घरी उशिरा गेलेलं चालत नाही. मला पण चालत नाही, मामाचा फोन यायच्या आत हसून घ्या.' आणि सरळ आपल्या सेटवर जा.

पहिल्या तिघांत स्पॉट माग, त्यात लाजायचं काही नाही, ज्याला परगावी परतायचंय त्याला आधी सोडणं हे आयोजकाचं कामच आहे. बाथरूम धड आहे का ते पण फोनवरच विचार. पोरांना हा प्रश्न कधी पडत नाही.

घरचं थोडं नाजूक आहे. मामाशी वाद घालू नको, मामा काही कुठं जाणार नाहीये. पप्पांनी बहुतेक व्हिडिओ बघितलेलाच नसेल, त्यांनी मामाच्या तोंडून ऐकलंय, आणि मामानं तुझे जोक सांगितले म्हणजे त्याचं वाटोळंच केलं असणार. आईला स्वयंपाकघरात गाठ आणि तीच सहा मिनिटं तिला तू स्वतः ऐकव, माइक नाही, टाळ्या नाहीत. तिला पण कधीतरी कुणीतरी बघायला आलं होतं ना, चालून दाखव म्हटलं असेल, अजून काय काय म्हटलं असेल. ती पहिल्यांदा गप्प बसेल, मग तिची एक गोष्ट सांगेल, आणि ती तुझ्या सहा मिनिटांपेक्षा भारी निघेल, लिहून ठेव. मग पप्पांशी ती बोलेल, तू नको.

एक मात्र पाळ. पाहुण्यांनी विचारलेला प्रश्न तसाच्या तसा वापर, पण पाहुणे ओळखू येता कामा नयेत. गाव बदल, नोकरी बदल, त्या काकांची ती विशिष्ट टोपी काढून टाक. मुंबईत ज्याच्यावर बोललो तो परत भेटत नाही, आपल्याकडं त्याचा चुलत भाऊ दुसऱ्या रांगेत बसलेला असतो.

प्रश्न : नांदेडला आम्ही दोस्त आपसात मराठी, हिंदी, उर्दू सगळं मिक्स बोलतो. यूट्यूबवर हिंदी जास्त चालते. मराठीत केलं तर पुण्याचे लोक गावठी म्हणतील असं वाटतं. नेमकं कशात करू?
— नांदेड

उत्तर : जसं दोस्तांशी बोलतोस तसंच. तुमची ती मिक्स भाषा कुणी रीलसाठी बनवलेली नाही, १९४८ पर्यंत आख्खा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दखनी आपल्या बाजारात, कोर्टात, शिव्यांत सगळीकडं मुरलीय. नांदेडच्या हॉलमध्ये अर्धं वाक्य मराठीत आणि पंच दखनीत टाकला तर कुणाला भाषांतर लागत नाही, दखनीत हैदराबादी विनोद जसा सपकन बसतो तसा बसतो. हे सोडून तू साफसुथरी हिंदी बोलायला लागलास तर कुणासारखा तरी वाटशील, बहुतेक त्याच्यासारखा ज्याचे व्हिडिओ तू परवा रात्री बघितलेस.

गावठीची भीती मला उलट बाजूनं वाटते. पुण्यात 'काय करूलालास' एवढं म्हटलं तरी लोक हसतात, टीव्हीनं सवयच लावलीय की आपली बोली म्हणजे विनोदी माणूस आला. तो हशा फुकटचा आहे, दोन-तीनदा मिळाला की माणूस जोक लिहायचा बंद होतो आणि नुसते हेल काढत बसतो. म्हणून सेट आधी नांदेडमध्येच घासायचा. तिथं 'करूलालास'ला कुणी ढुंकून बघत नाही, सगळेच तसं बोलतात, तिथं हशा आला म्हणजे तो जोकलाच आला.

प्रश्न : नेते, जात, देवधर्म ह्यावर बोलायचंच नाही का? मित्र म्हणतो आत टाकतील.
— बीड

उत्तर : मित्र अगदीच चुकीचं बोलत नाही. मी वकील नाही, पण एवढं माहीत असू दे. धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं २९५-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, त्यात जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेलं असावं लागतं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. बदनामीचं कलम ३५६. आता हेतू होता की नव्हता हे कोर्टात ठरतं आणि कोर्ट लांब असतं. स्टँडअप करणाऱ्या मुनव्वर फारुकीला इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ ला अटक झाली आणि सुप्रीम कोर्टाचा अंतरिम जामीन मिळाला ५ फेब्रुवारीला, मध्ये महिन्याच्या वर तो आतच. आणि मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा ह्या कॉमिकच्या व्हिडिओवरून मुंबईत तोडफोड झाली ती खारच्या हॅबिटॅटची, म्हणजे जिथं कार्यक्रम होतात त्या जागेची. तुझ्या गावात ती जागा म्हणजे कुणाचं तरी कर्ज काढून टाकलेलं हॉटेल आहे. त्यामुळं असलं काही करणार असशील तर हॉटेलवाल्याला आधी ऐकव आणि तो नको म्हणाला तर तिथं नको, दुसरीकडं बघ.

बोलायचं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पैठणला सोळाव्या शतकात नाथांनी भारुडात ढोंगी बुवांची कशी सालटी काढलीत ते आपण लहानपणापासून ऐकतो. आजही कीर्तनात महाराज समोर बसलेल्यांनाच लग्नातल्या डीजेवरून, हुंड्यावरून झोडपतात आणि लोक मांड्या थोपटून हसतात. देवावर कुणी बोलत नसतं तिथं, भक्तावर बोलतात. नेत्याचं पण तसंच, नेत्याचं नाव घेऊन तोंडसुख घेण्यापेक्षा त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर कोपऱ्यात स्वतःचा पासपोर्ट फोटो छापून घेणाऱ्या आपल्या चुलतभावावर बोललास तर हशा मोठा येतो आणि चुलतभाऊ केस करत नाही. जातीवर विनोद करायचा तर स्वतःच्या घरातल्या अहंकारावर कर. जो आधीच खाली दाबलेला आहे त्याच्यावर करायचा नाही, कायद्याची भीती राहू दे बाजूला, मी होस्ट असेन तर त्या माणसाचा माइक मी स्वतः बंद करते.

प्रश्न : आमच्या मंडळानं गणपतीत स्टँडअपसाठी बोलावलंय, पहिल्यांदाच पैसे मिळणार आहेत. काय काळजी घेऊ?
— जालना

उत्तर : अभिनंदन! आता ऐक. तुला सांगतील कार्यक्रम आठला, आठला आरती सुरू होईल, मग नगरसेवक, मग माजी नगरसेवक, मग देणगीदारांची नावं, आणि तुझ्या हातात माइक येईल साडेनऊला. रात्री दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, गणपतीतल्या ठराविक दिवशीच बारापर्यंत सूट असते, तुझा दिवस त्यात आहे का ते अध्यक्षांना विचारून घे. नसेल तर चाळीस मिनिटांचा करार असला तरी वीस मिनिटांचा सेट तयार ठेव.

पुढं सतरंजीवर लहान पोरं बसलेली असतात, मागं आज्या आणि बाया, आणि ज्यांच्यासाठी तू लिहिलंस ते सगळे रस्त्यावर गाडीला टेकून उभे. म्हणून कॅफेतला सेट इथं चालवू नको. पोरांशी आधी दोन मिनिटं बोल, शाळा, मास्तर, डब्यातली भाजी, पोरं हसली की आया हसतात आणि आया हसल्या की गाडीवाले जवळ सरकतात. शिवी एक पण नाही. माइकला बहुतेक एको लावलेला असतो, भजनासाठी, साउंडवाल्याला चहा पाजून तो काढायला लाव, एकोमध्ये पंच दोनदा ऐकू येतो आणि एकदाही कळत नाही.

पैसे निम्मे आधी घे, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी, कारण विसर्जनानंतर खजिनदार सापडत नाही. आणि सत्काराची शाल-नारळ मानधनातून वजा करू देऊ नको, तसं करणारी मंडळं आहेत.